बिजौलीचं लाल पिंप

कानपूर रोडवर चिरगाँवच्या अलीकडे कुशवाहाचा ढाबा लागतो. ढाब्याच्या अंगणात एक विमान उभं आहे. खरं विमान. दोघांपुरतं, पंखांवर निळा पट्टा, शेपटीवर अजून नंबराची अर्धीमुर्धी अक्षरं. त्याच्या पोटात टेबल टाकलंय, तिथे चौघांना कोंबून पनीर खिलवतात. वाढदिवसाला नाकावरच्या पंख्याला फुगे बांधतात. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, नवरा मुलगा काळा चष्मा लावून पायलट होतो. झाशीहून चिरगाँवला बसने जाताना नीलकंठ पाध्ये पलीकडच्या बाजूची खिडकी धरतो, म्हणजे ते बघावं लागत नाही.

ते विमान त्यानेच उभं करून दिलंय.

पाध्यांचं घर बडा बाजारात, कपड्यांच्या दुकानांच्या डोक्यावर. खाली साड्या, वर पाध्ये. कितीतरी पिढ्यांपूर्वी पूजा सांगायला म्हणून हे लोक देशावरून आले आणि इथलेच झाले. पुढे पूजा सुटली, कारकुनी आली. काका रेल्वेत, थोरला भाऊ तहसिलीत, चुलतभाऊ बँकेत. नीलकंठ तेवढा भंगारात. हे वाक्य झाशीच्या मराठी मंडळात अस्संच म्हटलं जातं, गणपतीच्या दिवसांत, आरती झाल्यावर, प्रसाद वाटता वाटता. म्हणणाऱ्याच्या हातात मोदक असतो आणि तोंडात कीव. ज्यांनी जन्मभर एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर सरकवली, त्यांना कुणाच्या नखात काळं ग्रीस दिसलं की लगेच त्याचं कुळ आठवतं.

नीलकंठ उलट बोलत नाही. बोलून उपयोग नसतो हे तो फार लवकर शिकला. तरुणपणी तो एका विमान शिकवणाऱ्या शाळेत कामाला होता, हँगरमध्ये. सकाळी विमानं ढकलत बाहेर काढायची, संध्याकाळी आत घ्यायची, आणि मधल्या वेळात त्यांच्या पोटाखाली उताणं पडून काम करायचं. एके दिवशी मालकाने कुलूप लावलं. विमानं तिथेच गवतात उभी राहिली, त्यांच्या नाकात चिमण्यांनी घरटी केली. तो गावी परतला तेव्हा त्याच्याकडे एकच विद्या होती आणि झाशीत तिचं कुणाला काम नव्हतं.

छोटी विमानं पडतात. पेपरात चार ओळी येतात, कधी त्याही येत नाहीत. शिकाऊ पोरं धावपट्टीवरून घसरतात, शेतात उतरतात, नाकावर आपटतात. चौकशीवाले बघून जातात, विमावाले बघून जातात, आणि मग उरलेला सांगाडा लिलावात निघतो. मोठे भंगारवाले तो वजनावर उचलतात, गॅसने कापतात आणि वितळवायला पाठवतात. नीलकंठ तोच सांगाडा ट्रकवर घालून झाशीबाहेर बिजौलीच्या कारखान्यांच्या वस्तीत आणतो. ओतकामाच्या एका कारखान्यामागे त्याची पत्र्याची शेड आहे, तिथे उतरवतो, आणि पहिल्या दिवशी त्याला हात लावत नाही. समोर स्टूल टाकतो, चहा घेतो आणि बघत बसतो. कुठून आपटलं, दणका कुठून आत शिरला, कुठवर गेला, कुठे विरला. दणका जिथे पोचला नाही तिथला माल जिवंत. जिथून तो गेला तिथला माल, दिसायला कितीही कोरा करकरीत असो, मेलेला.

मग दुसऱ्या दिवसापासून एकेक रिव्हेट काढत, एकेक नट सोडवत तो विमान उकलत जातो. गॅसची ज्योत शेडमध्ये येऊ देत नाही, कारण तापलेल्या धातूचा भरवसा नसतो. जिवंत माल पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायचा. ज्याच्याबद्दल मनात जरासुद्धा किंतु आला तो दाराशी ठेवलेल्या लाल पिंपात. आणि पिंपातली वस्तू अख्खी म्हणून बाहेर जात नाही. घणाने चेपून, नाहीतर आरपार कापून, कुणालाही पुन्हा वापरता येणार नाही अशी करूनच ती भंगारात जायची. हा धंद्याचाच नियम आहे. पाळणारे किती आणि मेलेल्या भागाला रंग फासून जिवंत म्हणून विकणारे किती, ते धंद्यातल्या कुणालाही विचारा. तो हसेल आणि विषय बदलेल. नीलकंठ पाळत होता. पिंपाशेजारचा घण त्याच्या हाताच्या घामाने काळा झाला होता.

एवढं करून जिवंत मालाचं काय व्हायचं? एक पंखा दातांच्या डॉक्टरकडे भिंतीवर गेला. उंची सांगणारी तबकडी कुणा बड्या माणसाच्या फार्महाऊसवर गेली, तिच्या जागी घड्याळाचे काटे बसवले. खुर्च्या फोटो स्टुडिओने नेल्या. एक दरवाजा नर्सरी शाळेत गेला, पोरं त्यातून आतबाहेर करतात. आणि कुशवाहा तर कायमचा गिऱ्हाईक. ज्या शाळांकडे विमानं होती त्यांना बिजौलीच्या शेडमधला माणूस नको होता. ते नवा माल परदेशातून मागवायचे, तो येईपर्यंत विमान महिनोन् महिने उभं ठेवायचे, पण इकडे फिरकायचे नाहीत.

इतकी वर्षं झाली, त्याने काढलेला एकही भाग पुन्हा उडाला नव्हता. एकही नाही. हीच गोष्ट त्याला आतून पोखरत होती. एक तरी, बोटाएवढा का होईना, पण परत वर जावा. एकदा तो विद्याला, बायकोला, म्हणाला होता, की नाहीतर लोक म्हणतात तेच खरं, मी भंगारवालाच आहे, फक्त जास्त वेळ घेतो.

मुलगी आभा लखनौला बँकेत. फोनवर हा मराठीत बोलायचा, ती हिंदीत उत्तर द्यायची.

“बाबा, छोड़ो ना अब ये सब. यहाँ आ जाओ, मम्मी को भी आराम मिलेगा.”

“येतो गं. हा एक सांगाडा उकलला की येतो.”

“आप हर बार यही बोलते हो.”

यंदा गणपती झाल्यावर एक फोन आला. कश्मिरा म्हणून एक बाई, मूळची नाशिकची, एका नव्या उड्डाण शाळेच्या वर्कशॉपची मुख्य. त्यांच्या एका विमानाचे चाकांचे एक्सल गेले होते आणि नवे कुठल्याशा बंदरात अडकून पडले होते. नीलकंठच्या शेडमध्ये त्याच जातीचं विमान आल्याचं तिला कळलं होतं. नाकावर पडलेलं विमान. पुढचा भाग चेचला होता, शिकणारी मुलगी वाचली नव्हती, पण मागची दोन्ही चाकं धड होती.

ती स्वतः आली. पस्तिशीची असेल, मनगटावर घड्याळाऐवजी रबराचा पट्टा, बोलणं थोडं, डोळा तीक्ष्ण. नीलकंठने घाईने फडक्याने स्टूल पुसलं.

“बसून घ्या. चहा घेऊन घ्या आधी.”

ती हसली. म्हणाली, “घेऊन घेते, काका. तुमचं मराठी गोड आहे.”

त्याला कळलं की ती चिडवतेय, आणि कळलं की चिडवण्यात विष नाही. मग तिने एक्सल हातात घेतले. वीतभर लांबीचे दोन जाड दांडे, एका टोकाला चौकोनी पाय, वर कॅडमियमचा पिवळसर सोनेरी मुलामा अजून शाबूत. विमान उतरतं तेव्हा जमिनीचा पहिला तडाखा चाकांमधून यांच्यावरच येतो. तिने भिंग लावून बघितलं, उजेडात फिरवून बघितलं, दणका कुठवर गेला होता ते सांगाड्यावर जाऊन बोटाने माग काढत बघितलं. तिचं बोट थांबलं तिथेच नीलकंठचं थांबलं होतं.

ती म्हणाली की तिच्या वर्कशॉपमध्ये यांची सगळी तपासणी होईल, पास झाले तर ती लावेल. वरच्यांना जुना माल नको असतो, त्यांच्याशी भांडून तिने परवानगी काढलीय. हे नीट झालं तर पुढचंही मागवता येईल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येते म्हणाली. जाताना दारात थांबून तिने सांगितलं, “यांना आता काही म्हणजे काही करू नका. तेल आणि फडकं, बस्स. आमची पोरं पहिल्यांदा एकटी उतरतात ना, तेव्हा विमान उतरवत नाहीत, आपटतात.”

नीलकंठ त्या दिवशी बिजौलीहून बडा बाजारापर्यंत चालत आला. टेम्पोत बसायचं लक्षातच आलं नाही.

नवरात्रात बिजौलीतले चौकीदार गावी जातात आणि चोरांना लोखंडाचा वास लागतो. म्हणून अष्टमीच्या संध्याकाळी त्याने एक्सल घरी आणले. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे त्याला ते घरात हवे होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी विद्या त्याचे पाने, पक्कड, हातोडी देवीपुढे मांडून त्यांची पूजा करायची. विमानाचा भाग मात्र त्याने कधी घरात आणला नव्हता. यंदा त्याला वाटलं, आणावा. इतक्या वर्षांनी देवीला दाखवण्यासारखं काहीतरी हाती लागलंय.

विद्या ग्वाल्हेरची, तिच्या माहेरी सोवळंओवळं कडक. तिने फडकं उलगडून बघितलं आणि विचारलं, ज्या विमानातलं हे आहे त्यात कुणी गेलं होतं का. त्याने सांगितलं, हो, एक मुलगी. विद्याचा हात मागे आला. अपघातात गेलेल्याची वस्तू अशीच देवीपुढे ठेवायची नाही, ती म्हणाली, शुद्ध करून घ्यावी लागते. नीलकंठला तेव्हा रत्नाकरकडे जायची घाई होती. रत्नाकर म्हणजे त्याचा एकुलता एक मित्र, अकोल्याचा, ट्रान्सफॉर्मरच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर, क्वार्टरमध्ये राहणारा. त्याला ही बातमी तोंडाने सांगायची होती, फोनवर नाही. शुद्धीबिद्धीच्या गोष्टींत त्याला रस नव्हता. बापजाद्यांनी जन्मभर लोकांकडून तेच करून घेतलं, त्याला त्याचा कंटाळा होता. चपला घालता घालता तो म्हणाला, “काय करायचं ते कर बाई. तुझं खातं आहे ते.”

आणि गेला. उशिरा परतला, जेवला, झोपला.

सकाळी तो झेंडूची फुलं आणायला खाली उतरला. फुलवाल्याशी हुज्जत घालून, दोन माळा जास्तीच्या घेऊन वर आला तेव्हा देवघरापुढे पाट मांडलेला होता. पाटावर लाल वस्त्र, वस्त्रावर पाने ओळीने, पक्कड, हातोडी, आणि मधोमध दोन एक्सल. लखलखीत. आरशासारखे. त्यांच्या अंगावरचं सोनेरी पार गेलं होतं, आतलं पोलाद पांढरं निघालं होतं. हळद आणि कुंकू त्या पांढऱ्यावर फार उठून दिसत होतं.

मोरीत घंगाळ पालथं घातलेलं. शेजारी चिंचेचे चोथे.

देवाची तांब्यापितळेची भांडी या घरात जशी निघतात तशीच तिने ती काढली होती. चिंच कोळून, मीठ घालून, त्या पाण्यात रात्रभर बुडवून, आणि पहाटे राखेने घासून. विद्याच्या चेहऱ्यावर थकलेलं समाधान होतं. “फार मळ होता,” ती म्हणाली. “पिवळा थर निघता निघेना. हाताची आग होतेय.”

नीलकंठने फुलं खाली ठेवली. तिचं मनगट धरून तिला मोरीत नेलं आणि नळाखाली तिचे हात साबणाने धुतले. एकदा, दोनदा, पुन्हा. नखं ब्रशने घासली. ती म्हणत होती, अहो काय झालं, सोडा, लोक काय म्हणतील. तो पिवळा थर पोटात गेला तर विष असतो, आणि हात धुणं एवढंच त्याला त्या क्षणी करता येण्यासारखं होतं, म्हणून तो ते करत राहिला. घंगाळ त्याने उचलून बाहेर गच्चीवर नेऊन ठेवलं, आता हे स्वयंपाकाला लावू नको म्हणाला.

मग पाटापाशी बसून त्याने तिला सांगितलं. मुलामा गेला याचं एक वेळ काही नाही, तो पुन्हा देता येतो. पण हे साधं लोखंड नाही, फार कडक केलेलं पोलाद आहे, आणि अशा पोलादाला आंबट चालत नाही. ते आत शिरतं. वरून काही दिसत नाही. भिंगातून दिसत नाही, तपासणीत दिसत नाही, कारण आज तडा नाहीच. पुढे कधीतरी, भार आला की, काचेसारखं मोडतं. लगेच भट्टीत तापवलं असतं तर कदाचित आंबट बाहेर निघालं असतं. आता रात्र गेली.

“मोडेलच?” विद्याने विचारलं.

“माहीत नाही.”

“म्हणजे चांगलेही असतील.”

“असतील. ते कुणालाच सांगता येणार नाही. तेच तर आहे.”

तिने आपल्या हातांकडे बघितलं. हात लाल झाले होते, थोडे राखेने, जास्त त्याच्या घासण्याने. मग हळू म्हणाली, “मी विचारलं होतं तुम्हाला.”

विचारलं होतं. त्याला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त पुसून घे, आणि तो चपला घालत होता. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका लाल पिंपात टाकणारा माणूस आपली चूक देवीपुढे मांडून बसला होता. त्याने पूजा केली. मंत्र त्याला पाठ होते, ते तोंडातून येत राहिले. आरती झाल्यावर विद्याने नेहमीच्या सवयीने निरांजन त्या दोन एक्सलांवरूनही ओवाळलं.

दसऱ्याला रत्नाकर सोनं घेऊन आला. आपट्याची पानं नीलकंठच्या हातात ठेवली आणि त्याचं तोंड बघून खाली बसला. सगळं ऐकून घेतलं. रत्नाकर वाईट माणूस नाही. पगारी माणूस आहे, आणि पगारी माणसाला प्रत्येक अडचणीत आधी बाहेर पडायचं दार दिसतं.

तो म्हणाला, “पाध्ये, बिजौलीत तो मुलामा देणारा आहे ना, बिजागऱ्यावाला? तासाभराचं काम. सोनेरी करून घे. बाई उद्या येईल, घेऊन जाईल.”

“आणि तपासणी?”

“तूच तर म्हणतोस, त्यात काही दिसत नाही.”

“दिसणार नाहीच.”

“मग? अरे, जे दिसत नाही ते बहुतेक नसतंच. आमच्याकडे असं बघत बसलो तर एक ट्रान्सफॉर्मर बाहेर पडायचा नाही. जन्मभर कशासाठी घासतोयस? एक भाग उडावा म्हणून ना? उडेल की.”

विद्या आतून चहा घेऊन आली होती. ती तिथून हलली नाही. तिच्या डोळ्यांत जे होतं ते नीलकंठला बघवेना. तिला हवं होतं की त्याने हो म्हणावं. त्याच्यासाठी हवं होतं, आणि आपल्यासाठीही, म्हणजे तिच्या हातून काही मोडलं नाही असं झालं असतं.

त्याने एक्सल पिशवीत घातले आणि तो निघाला. बिजौलीला सुट्टीचा शुकशुकाट होता, पण मुलामावाल्याचं दुकान अर्धं उघडं होतं. शटरखालून रसायनाचा वास येत होता. म्हातारा एकटाच बिजागऱ्या तारेत ओवून टाकीत सोडत होता. बुडवायच्या त्या काळ्या आणि निघायच्या त्या पिवळ्याधमक. त्याने वर बघून विचारलं, काय आणलंय. नीलकंठने पिशवी उघडली नाही. टाकीतून बाहेर येणाऱ्या बिजागऱ्यांकडे तो बघत राहिला. सगळ्या सारख्या दिसत होत्या. एकदा पिवळं झालं की कालची कुठली आणि वीस वर्षांपूर्वीची कुठली, कोण सांगेल?

त्याला धावपट्टी दिसत होती. पहिल्यांदा एकटं उतरणारं कुणीतरी पोर, हातांना घाम, जमीन फार भरभर वर येतेय. उतरवत नाहीत, आपटतात.

“काय भैया, कुछ है कि बस तमाशा देखवे आए?” म्हातारा म्हणाला.

नीलकंठ म्हणाला, काही नाही, आणि शेडकडे वळला. कुलूप काढून आत स्टुलावर बसला आणि त्याने कश्मिराला फोन लावला. सणाचा दिवस होता, मागे माणसांचा आवाज होता. त्याने चाचरत, जमेल तसं सगळं सांगितलं. घरच्यांनी केलं असं म्हणाला नाही. माझ्याकडून झालं म्हणाला.

मागचे आवाज कमी झाले. ती बहुधा बाहेर गेली असावी.

“चिंच?” तिने विचारलं. “किती वेळ?”

“रात्रभर.”

फोन कटला की काय म्हणून त्याने कानापासून दूर करून बघितला.

“काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं,” ती म्हणाली. “मुलामा बघून मी विचारलं असतं, पण हे कळलं नसतं.”

“हो.”

“मी घेऊ शकत नाही.”

“नाही. घेऊच नका.” मग त्याने ते विचारलं, जे विचारायचं नाही असं ठरवून फोन लावला होता. “या सांगाड्यात आणखीही माल आहे. चाकाची ड्रमं आहेत, पंखांचे बिजागर आहेत. कशालाच हात लागलेला नाही.”

तिने खोटं सांगितलं नाही, हे तिचं मोठेपण. ती म्हणाली, वरचे लोक असं काहीतरी होण्याचीच वाट बघत होते. उद्या ती रिकाम्या हाताने गेली की कारण द्यावं लागेल, आणि खरं कारण द्यावं लागेल. विमानाचा भाग चिंचेत भिजवला, हे वाक्य एकदा त्या खोलीत बोललं गेलं की या शेडचं नाव तिथे पुन्हा कुणी काढू देणार नाही. तिलाही नाही. “मी भांडले होते तुमच्यासाठी,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसती माहिती होती. तीच जास्त लागली.

त्याने दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. तिनेही दिल्या.

मग त्याने पिशवी उघडून दोन्ही एक्सल पिंपाच्या काठावर ठेवले. कुंकवाचा एक ठिपका अजून चिकटून होता. एक एक्सल ऐरणीवर आडवा धरला, घण उचलला आणि घातला. त्याच्या मनात, खोल कुठेतरी, एकच मागणं होतं. मोडावा. काचेसारखा खाडकन मोडावा. म्हणजे आपण बरोबर होतो, एका पोराचा जीव वाचला, एवढं तरी पदरात पडेल.

घण उसळून परत आला. एक्सलला ओरखडा पडला, बस्स. त्याने पुन्हा घातला. पुन्हा. दुसरा घेतला, त्यालाही घातला. हात झिणझिण्यांनी बधिर झाले, खांदा भरून आला, कारखान्याच्या भिंतीवरची कबुतरं उडून गेली आणि परत येऊन बसली. एक्सल वाकलेसुद्धा नाहीत. यालाही काही अर्थ नव्हता, हे त्याला माहीत होतं. आज घण सोसणारं पोलाद उद्या एखाद्या मुक्या भाराखाली जातं. पण ते आपण समजून घ्यायचं. दिसलं मात्र एवढंच, की इतका मजबूत माल त्याच्या हाताखालून कधी गेला नव्हता.

शेवटी त्याने ग्राइंडर लावला. ठिणग्यांचा पिसारा शेडभर उडाला. दोन एक्सलांचे चार तुकडे झाले. कापलेली तोंडं त्याने उजेडात फिरवून बघितली, भिंग लावून बघितली. स्वच्छ. एकसारखं, बारीक दाण्याचं, उत्तम पोलाद. त्याने तुकडे पिंपात टाकले. ते तळाशी जाऊन आदळल्याचा आवाज आला.

घरी विद्याने विचारलं नाही. त्याच्या बाहीवर ठिणग्यांची भोकं होती, ती तिला पुरेशी होती. पुढच्या मंगळवारी, भांडी घासायच्या दिवशी, देवाची भांडी काळवंडली होती तशीच राहिली. दिवाळी आली तरी तशीच होती. शेवटी नीलकंठनेच एका सकाळी चिंच कोळली आणि ती घासायला घेतली, तेव्हा विद्या ती त्याच्या हातातून घेऊन स्वतः घासू लागली. पण ते घंगाळ गच्चीवरून खाली आलं नाही. आभाने फोनवर विचारलं, लखनौला कधी येताय. तो म्हणाला, बघू. या वेळी सांगाड्याचं नाव काढलं नाही.

थंडी पडल्यावर कुशवाहाचा निरोप आला. ढाब्याची दुसरी शाखा निघतेय, तिथे पण हवाई जहाज पाहिजे, या वेळी जरा मोठ्या पंखांचं. नीलकंठने मधे एकदोन दिवस जाऊ दिले आणि हो म्हणून कळवलं. नाकावर पडलेल्या त्या विमानाचं नाक पत्रा ठोकून सरळ केलं, रंग दिला. चाकांच्या जागी एक्सल नव्हते, तिथे लोखंडी पाइप जोडून विमान सिमेंटच्या कट्ट्यावर उभं केलं. फळीवरचा बाकीचा जिवंत माल, फडक्यात गुंडाळलेला, तोही त्याने परत विमानात बसवला. दुसरीकडे कुठे जाणार होता तो?

पंखांचे बोल्ट आवळून झाले. आवळलेला बोल्ट फिरू नये म्हणून विमानात त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवतात, पिळतात आणि शेजारच्या बोल्टला बांधतात. नीलकंठ शिडीवर उभा राहून ती तार पिळत होता. एका बोल्टची झाली, दुसऱ्याची घेतली. कुशवाहा खाली मोबाइलवर बोलत फिरत होता, त्याने वर बघितलं. मागे आचारी तंदूर सारवत होता, मजूर रंगीत दिव्यांच्या माळा उलगडत होते.

“अरे पंडिज्जी,” कुशवाहा म्हणाला, “इत्ती मेहनत? उड़ाना थोड़े है.”

मजूर हसले.

“पता है,” नीलकंठ म्हणाला, आणि पुढच्या भोकात तार ओवली.